चार माणसांची डिझाइन फर्म: काम आणणारी मीच, करून घेणारीही मीच

रंगरेषा
नमस्कार मंडळी. हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं, पण दिवाळीची कामं हातावेगळी झाल्याशिवाय निवांत बसता आलं नाही.

कोल्हापुरात नऊ वर्षं आमची डिझाइन फर्म आहे. आम्ही चौघं. मी, दोन डिझायनर आणि प्रेसच्या फेऱ्या, बिलं, वसुली बघणारे एक काका. चिवडा-मसाले-गुळाची पाऊच आणि लेबलं, मिठाईचे बॉक्स, शिवाय शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांचे कॅटलॉग अशी कामं करतो. एकदा आलेला ग्राहक सहसा परत येतो, त्यामुळे कामाच्या दर्जाची मला चिंता नाही.

अडचण वेगळी आहे. राखीपौर्णिमा झाली की फोन सुरू होतात आणि लक्ष्मीपूजनापर्यंत आम्ही रात्री एक-दोनपर्यंत बसतो. त्या काळात मी कुणाला भेटत नाही, फोन करत नाही, एकही नवं कोटेशन देत नाही. भाऊबीज झाली की ऑफिसात शुकशुकाट. मागच्या आर्थिक वर्षाची वही काढली. एकूण ४३ कामं झाली, त्यातली २७ ऑगस्ट ते ऑक्टोबर या तीन महिन्यांतली. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत फक्त ४. पगार मात्र बाराही महिने द्यायचे. मग मार्गशीर्षात जे मिळेल ते, पडेल त्या भावात घेतलं जातं आणि ती स्वस्तातली कामं पुढे सहा महिने लोंबकळत राहतात. चांगलं काम येतं तेव्हा हात त्यांच्यातच अडकलेले असतात.

दुसरी गोष्ट यंदाचीच. एका पाऊचचं डिझाइन ग्राहकाने फोनवर 'ओके, टाका छपाईला' म्हणून मान्य केलं. रोटोग्रॅव्हूरची छपाई, म्हणजे प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर कोरायचा. सिलिंडर तयार झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की कारखान्याचा पत्ता बदललाय. पत्ता तपकिरी पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत होता, त्यामुळे दोन सिलिंडर नव्याने करावे लागले. 'तुम्ही विचारायला हवं होतं,' असं ते म्हणाले. माझ्याकडे लेखी काहीच नव्हतं. पैसे आमचे गेले आणि ग्राहकही दुरावला.

तर विचारायचं असं की मार्केटिंगला वेगळा माणूस ठेवावा का? इन्स्टाग्रामवर महिन्याला बारा पोस्ट करून देतो म्हणणारे रोज फोन करतात, त्याने कुणाला खरंच कामं मिळाली आहेत का? आणि कामांचा माग कसा ठेवता? आमच्याकडे सगळं माझ्या डोक्यात आणि व्हॉट्सअॅपवर आहे. ते आता झेपत नाही.

उद्यमनगरी
ताई, मी तुमच्या गावचाच. तुम्ही कोटेशन देणाऱ्या, आम्ही घेणारे. वडिलांपासूनची फौंड्री, म्हणजे लोखंड ओतकामाचा कारखाना आहे. तेव्हा ग्राहकाच्या बाजूने लिहितो.

इन्स्टाग्राम बघून आम्ही आजवर एकही डिझायनर गाठलेला नाही. आत्ताचा डिझायनर प्रिंटरने सांगितला म्हणून आला. त्याच्या आधीचा मिळाला तो एका प्रदर्शनात शेजारच्या स्टॉलवरचा कॅटलॉग आवडला म्हणून. तो उलटून मागच्या पानाच्या तळाशी कुणाचं नाव आहे ते पाहिलं आणि नंबर टिपून घेतला. तुमचं नाव तुमच्या कामांवर असतं का? नसेल तर कोटेशनमध्येच लिहा की तळाशी बारीक अक्षरांत नाव येईल. आमच्यासारख्याची त्याला काहीच हरकत नसते.

आता महत्त्वाचं. फौंड्रीवाल्यांचं आयफेक्स प्रदर्शन दरवर्षी वेगवेगळ्या शहरांत भरतं, बहुतेक वेळा फेब्रुवारीच्या आसपास. जवळपास दरवर्षी आम्हाला कॅटलॉगची आठवण होते ती संक्रांतीला. तेव्हा फोटो काढायला वेळ नसतो, मशीन शॉपची नवी यादी तयार नसते, मग मागच्याच वर्षीच्या कॅटलॉगवर नवा मोबाइल नंबर टाकून छापून नेतो. परदेशी ग्राहकाच्या हातात ते देताना लाज वाटते. नोव्हेंबरच्या मध्यावर कुणी कारखान्यात येऊन म्हणालं असतं की 'साहेब, फेब्रुवारीला किती दिवस उरलेत बघा, या एवढ्या कास्टिंगचे फोटो आणि वजनं मला द्या,' तर मी त्याच दिवशी अॅडव्हान्सचा चेक दिला असता.

तुमचे रिकामे दोन महिने आणि आमच्या गरजेचे दोन महिने एकच आहेत. तुम्ही त्या वेळी येत नाही, एवढंच.

रंगरेषा
हे वाचून मी वही परत उघडली. ती जी ४ कामं होती, त्यातली ३ कारखान्यांचीच होती, आणि तिन्ही त्यांनी आपणहून फोन केला म्हणून मिळाली. मी एकालाही विचारलं नव्हतं. नऊ वर्षांत हे माझ्या ध्यानात कसं आलं नाही!

जुना_कंपोझिटर
पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात एका प्रेसमध्ये हयात गेली. खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवण्यापासून सुरुवात, शेवटची वर्षं संगणकावर. तुमच्या सिलिंडरची हकिगत वाचली आणि राहवेना, म्हणून लिहितोय. मार्केटिंगमधलं मला काही कळत नाही. 'ओके'बद्दल मात्र कळतं.

खिळ्यांच्या काळात मजकूर जुळवून झाला की गॅली प्रूफ, म्हणजे तपासायला काढलेली पहिली छापील प्रत, निघायचं. ते लेखकाकडे जायचं. दुरुस्त्या करून पानं बांधली की पान-प्रूफ. फर्मा, म्हणजे एकदम छापायच्या पानांचा संच, मशीनवर चढला की छपाई सुरू करण्याआधी मशीन-प्रूफ. प्रत्येक प्रूफवर तारीख आणि सही. शेवटच्यावर लेखकाच्या किंवा प्रकाशकाच्या हातचं 'छापण्यास हरकत नाही' असं वाक्य असल्याशिवाय आमचे फोरमन मशीन सुरू करू देत नसत. मोठ्यातला मोठा लेखक असला तरी माणूस सायकलवरून त्याच्या घरी जायचा आणि सही घेऊन यायचा. ही सही घेण्यात कुणाला अपमान वाटत नसे. ती कामाचीच एक पायरी होती.

आणि पैशाचा नियम साधा होता. मूळ प्रतीत बरोबर आणि जुळणीत चुकलेलं असेल तर चूक प्रेसची, दुरुस्ती फुकट. मूळ प्रतीतच नव्हतं आणि लेखकाला नंतर सुचलं, तर तो लेखकाचा बदल, त्याचे वेगळे पैसे. म्हणून मुद्रितशोधक दोन रंगांच्या शाईने खुणा करायचे, एक रंग आमच्या चुकांचा, दुसरा लेखकाच्या बदलांचा. महिनाअखेरीला दुसऱ्या रंगाच्या खुणा मोजून बिल व्हायचं. वाद होत नसे, कारण सगळं कागदावर असायचं.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटाला डीटीपी, म्हणजे संगणकावरची जुळणी, आलं आणि दुरुस्ती दोन मिनिटांची झाली. दोन मिनिटांचे पैसे कसे मागायचे, म्हणून ती फुकट झाली. फुकट झाली म्हणून मोजणं सुटलं, आणि मोजणं सुटल्यावर सहीही गेली. बाई, तुमचं नुकसान त्या सुटलेल्या सहीचं आहे. दुरुस्ती दोन मिनिटांची असेल, पण ती करताना नवी चूक शिरते. फाइल परत पाठवावी लागते, समोरच्याचं उत्तर येईपर्यंत तुमचा माणूस अडकून राहतो. यातलं काहीच दोन मिनिटांचं नाही.

आणखी एक. ग्राहकाचा मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल आणि तुम्ही तो युनिकोडमध्ये बदलून घेतला, तर पूर्ण मजकुराचं प्रूफ नव्याने वाचा. रफार, 'ऱ्या', जोडाक्षरं यांची वाट लागलेली असते. 'पुऱ्यांचा'चं काय होतं ते मी फार वेळा पाहिलं आहे. त्या चुका प्रेसच्याच धरल्या जातात, आणि ते न्याय्यही आहे.

रंगरेषा
काका, दोन रंगांची गोष्ट फार मोलाची आहे. मी आजवर दुरुस्त्यांची संख्या मोजत होते. 'तीन करेक्शन फुकट, चौथ्यापासून पैसे' असं कोटेशनमध्ये लिहायचे आणि प्रत्यक्षात कधी घेतले नाहीत, कारण त्या तीनांत आमच्या चुका किती आणि त्यांचे बदल किती हे मलाच सांगता यायचं नाही. दोन्ही वेगळे लिहिले तर पैसे मागताना जीभ अडखळणार नाही.

व्हॉट्सअॅपवर ग्राहक अंगठ्याचं चित्र पाठवतो. ते चालेल का?

जुना_कंपोझिटर
अंगठा नेमका कशाला दाखवला ते कळत नाही. चित्र आवडलं, का मजकूर वाचला? प्रूफ कागदावर काढा, मूळ मापात. पत्ता, वजन, किंमत, फोन यांच्यापुढे चौकोन ठेवा आणि प्रत्येक चौकोनात त्यांच्या हातची खूण घ्या. खाली सही. त्याचा फोटो व्हॉट्सअॅपवर आला तरी चालेल. माणूस स्क्रीनवर चित्र बघतो. मजकूर वाचायला कागद लागतो.

मुळाकाठची
पुण्यात आमचा सहा जणांचा स्टुडिओ आहे. ब्रँडिंग आणि वेबसाइट. मार्केटिंगला माणूस ठेवावा का, याचं उत्तर मी स्वतः पैसे घालवून शिकले आहे, ते देते.

तीन वर्षांपूर्वी आम्ही एक मुलगा कमिशनवर ठेवला. बोलायला उत्तम, मेहनती. पहिल्या चार महिन्यांत त्याने नऊ कामं आणली आणि आम्ही खूश झालो. पण काम मिळावं म्हणून त्याने एकाला 'पसंत पडेपर्यंत बदल करून देतो' असं सांगितलं होतं, दुसऱ्याला दहा दिवसांत वेबसाइट, तिसऱ्याला लोगोबरोबर लेटरहेड आणि बोर्ड फुकट. शब्द त्याने दिला होता, पाळायचा होता डिझायनरांनी. त्या नऊपैकी सहा कामांत आमचं नुकसान झालं आणि एक चांगली डिझायनर वैतागून सोडून गेली. त्या मुलाला मी दोष देत नाही. कुठलं काम किती दिवसांचं असतं हे त्याला आम्ही सांगितलंच नव्हतं, आणि त्याचं कमिशन ऑर्डरवर होतं, वसुलीवर नव्हतं. तेव्हा माणूस ठेवलात तर कमिशन पैसे हातात आल्यावर द्या, आणि डिझायनरने दिवस सांगितल्याशिवाय तारीख द्यायची नाही असं पहिल्याच दिवशी ठरवा. चार जणांच्या फर्ममध्ये मात्र मी ठेवणार नाही. ग्राहकाला तुम्हीच भेटायला हव्या आहात.

आता कामाचा माग. आम्ही सॉफ्टवेअरही वापरून पाहिलं. टीम लहान असेल तर भिंतीवरचा पांढरा बोर्ड पुरतो. सगळ्यांना येता-जाता दिसतो, हा त्याचा मोठा गुण. प्रत्येक कामाची एक चिठ्ठी आणि पाच रकाने: मजकूर येणे, आमच्याकडे, ग्राहकाकडे, प्रेसकडे, वसुली. मूळ कल्पना जपानमधल्या टोयोटाची. तैइची ओनो यांनी तिथे कानबान म्हणजे चिठ्ठीची पद्धत बसवली. पुढच्या टप्प्याकडून चिठ्ठी आल्याशिवाय मागच्याने भाग तयार करायचा नाही, म्हणजे अर्धवट माल साचत नाही. आम्ही त्यातून एवढंच घेतलं की 'आमच्याकडे' या रकान्यात प्रत्येक डिझायनरच्या दोनपेक्षा जास्त चिठ्ठ्या नकोत.

बोर्ड लावल्यावर दुसऱ्याच आठवड्यात जे दिसलं त्याने मी हादरले. एकूण १९ चिठ्ठ्या, आणि त्यातल्या ११ 'मजकूर येणे' आणि 'ग्राहकाकडे' या दोन रकान्यांत. आम्ही रात्री जागत होतो आणि निम्म्याहून जास्त कामं आमच्याकडे नव्हतीच! कुणी फोटो द्यायचे होते, कुणी किंमत ठरवायची होती, कुणाचे भाऊ मुंबईहून आल्यावर बघणार होते. हे सगळे शेवटच्या आठवड्यात एकदम जागे होतात आणि मग रात्रपाळ्या. तेव्हापासून आमच्या कोटेशनमध्ये तारीख नसते, 'संपूर्ण मजकूर मिळाल्यापासून इतके दिवस' असं असतं. सोमवारी सकाळी पहिला तास मी त्या दोन रकान्यांतल्या लोकांना फोन करते. त्या फोनमध्ये काम पुढे सरकतंच, आणि दर दोन-तीन आठवड्यांनी कुणीतरी सहज म्हणतो, 'बरं झालं फोन केलात, आमच्या मेहुण्यालाही एक काम आहे.' आमचं मार्केटिंग म्हणाल तर मुख्यतः हे फोनच आहेत.

हिशेबनीस
नाशिकला करसल्लागार आहे. वसुलीचा रकाना सगळ्यांनी शेवटी ठेवलाय, म्हणून थोडं त्यावर.

रंगरेषा ताई, तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, आहे का? १ जुलै २०२०पासून ती ऑनलाइन आणि विनाशुल्क आहे. पैसे मागणाऱ्या मध्यस्थांच्या नादी लागू नका. सूक्ष्म-लघु उद्योगांसाठीचा २००६चा कायदा सांगतो की लेखी करार असेल तर ठरलेल्या तारखेला, पण ग्राहकाने तयार काम स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. डिझाइन ही सेवा आहे, त्यामुळे तुम्हाला हे लागू होतं. कायदा जुनाच आहे, पण १ एप्रिल २०२४पासून आयकरात ४३बी(एच) आलं तेव्हा कारखानदारांना त्याची जाणीव झाली. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल त्या मुदतीत चुकवलं नाही, तर तो खर्च ग्राहकाला ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी धरता येतो. मार्चअखेरीला त्यांचा सीए हीच यादी काढून बसतो.

नोटीस पाठवा असं मी म्हणत नाही, चार पावलांवरच्या ग्राहकाशी कुणाला भांडायचंय? बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापा आणि खाली '४५ दिवसांत देय' लिहा, एवढ्याने बरंच काम होतं. फेब्रुवारीत त्यांच्या हिशेब विभागाला थकबाकीची यादी पाठवा. मालकाला नको, हिशेब विभागालाच.

दुसरं जीएसटीचं. ५० हजारांचं बिल फाडलंत की त्यावरचे १८ टक्के, म्हणजे ९ हजार, पुढच्या महिन्याच्या २० तारखेला तुम्हाला भरायचेच आहेत, ग्राहकाने दिलेले असोत वा नसोत. थकलेल्या प्रत्येक बिलामागे तुम्ही पदरचा करही भरून बसलेल्या असता. म्हणून अर्धे पैसे आधी घ्या. आलेल्या अॅडव्हान्सवर सेवेसाठी जीएसटी लागतो हे खरं, पण तेव्हा पैसे निदान हातात असतात. उरलेल्यातला मोठा हिस्सा छपाईची अंतिम फाइल देण्याआधी.

शाईपेन
डोंबिवलीहून एकटीच काम करते, म्हणून वाचत होते. एक विचारू का? ग्राहक काम संपल्यावर कोरलड्रॉची ओपन फाइल, म्हणजे हवे ते बदल करता येणारी मूळ फाइल, मागतात. दिली की पुढच्या वेळी कोपऱ्यावरच्या फ्लेक्सवाल्याकडे जातात. नाही दिली तर रागावतात. काय करता?

मुळाकाठची
कोटेशनमध्येच लिहून टाक. छपाईची फाइल किमतीत धरलेली, ओपन फाइल हवी असेल तर तिची वेगळी रक्कम. आधी लिहिलेलं असलं की कुणी रागवत नाही. लोक रागावतात ते काम संपल्यावर नियम सांगितला की.

हक्कांबद्दलही एक ओळ हवी. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कलम १९ आहे. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी लागतात. मुदत लिहिली नाही तर ५ वर्षं धरली जातात आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. ग्राहकाला हे समजावून सांग, कारण लोगो कायमचा हवा असेल तर नीट लिहून घेण्यात त्याचाच फायदा आहे. आणि फाइलबरोबर फॉन्ट देताना जप. विकतच्या फॉन्टचा परवाना तुझा असतो, तो असा पुढे देता येत नाही. देवनागरीत मुंबईच्या 'एक टाइप' (Ek Type) या संस्थेचे 'मुक्त' (Mukta) आणि 'बलू' (Baloo) हे फॉन्ट आहेत. दोन्ही मुक्त परवान्याचे, त्यामुळे ग्राहकाला निर्धास्तपणे देता येतात. आणि सुंदर आहेत.

सांगलीची_हळद
मीही ग्राहकच. घरगुती मसाले आणि हळद, बचत गटातून सुरू केलेला उद्योग. डिझाइनवाल्यांकडे जायची मला भीती वाटायची. गेलं की 'तुम्हाला काय हवंय?' असं विचारतात. मला काय हवं ते कळत असतं तर मी आले असते का?

आता ज्या मुलीकडे जाते तिने पहिल्या भेटीत एक छापील कागद हातात दिला. पाकिटावर काय काय लागतं त्याची यादी. बनवणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, उत्पादनाचा महिना-वर्ष, तक्रारीसाठी फोन. हे वैधमापनाच्या, म्हणजे वजन-मापाच्या, २०११च्या नियमांप्रमाणे. मग अन्न परवान्याचा १४ आकडी क्रमांक, शाकाहारी असल्याचा हिरवा ठिपका, घटक पदार्थ, लागत असेल तिथे पोषणमूल्यांचा तक्ता, आणि दुकानांत माल ठेवायचा असेल तर ८९० ने सुरू होणारा बारकोड. प्रत्येकापुढे रिकामी जागा. 'हे भरून आणा, मग आपण रंग बोलू,' म्हणाली. मला आठ दिवस लागले, पण त्या आठ दिवसांत माझा धंदाच मला नीट कळला. तिचे दर इतरांपेक्षा जास्त आहेत. तरी आमच्या गटातल्या तिघींना मी तिच्याकडेच पाठवलं, आणि पाठवताना तोच कागद झेरॉक्स करून दिला. त्यावर खाली तिचं नाव आणि नंबर आहे.

रंगरेषा
मंडळी, वर्ष झालं. तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, तर काय घडलं ते सांगायलाच हवं.

मागच्या वर्षी उद्यमनगरी यांचा प्रतिसाद वाचून आठवड्याभरात मी बारा कारखान्यांची यादी केली आणि स्वतः जाऊन भेटले. हातात फक्त एक कागद, हळदताईंच्या डिझायनरने दिला होता तसा, कॅटलॉगला काय माहिती लागते त्याचा. बारापैकी पाच कॅटलॉग मिळाले, पाचही जानेवारीअखेर छापून झाले. त्या दोन महिन्यांत पहिल्यांदाच मी कुणाला भाव पाडून दिला नाही.

मग भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरच ग्राहकांचे हंगाम लिहिले, आणि प्रत्येक हंगामाच्या साधारण बारा आठवडे मागे जाऊन भेटायची तारीख. गुऱ्हाळं दसरा-दिवाळीनंतर पेटतात, म्हणून गूळवाल्यांना जुलैत. फराळवाल्यांना जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर. पहिल्यांदा गेले तेव्हा ते चकित झाले, दिवाळीला इतका वेळ आहे म्हणाले, पण तिघांनी तेव्हाच काम दिलं. प्रवेशाची पत्रकं छापणाऱ्या शाळांना डिसेंबरात. खत-बियाणंवाल्यांना फेब्रुवारीत, खरिपाच्या आधी. दर शुक्रवारी सकाळी दहा ते दीड मी ऑफिसात नसते, भेटींना जाते. गणपती ते दिवाळी या आठ आठवड्यांत चार शुक्रवार हुकले. जे हुकले नाहीत त्यातूनच आत्ता डिसेंबरची दोन कामं आली आहेत.

बोर्डही लावला. आमच्याकडेही तेच दिसलं, चिठ्ठ्या ग्राहकाकडे पडलेल्या. काकांना, म्हणजे आमच्या वसुलीवाल्या काकांना, सोमवारचे फोन इतके आवडले की आता ते मला करू देत नाहीत.

प्रूफवर चौकोन आणि सही सुरू केली, त्याला एक जुना ग्राहक फार दुखावला. 'इतक्या वर्षांची ओळख आणि आता सही मागता?' म्हणाले आणि काम घेऊन गेले. अजून परत आले नाहीत. त्याचं वाईट वाटतं. पण दुसऱ्या एका पाऊचच्या वेळी ग्राहकाने वजनाच्या चौकोनाशी पेन टेकवलं, थांबले आणि म्हणाले, 'अहो, हे २५० नाही, आपण २०० करायचं ठरवलंय.' सिलिंडर कोरायला दुसऱ्या दिवशी जाणार होते. जुना_कंपोझिटर काका, त्या संध्याकाळी तुमची फार आठवण आली.

वसुलीत ९० दिवसांवरची बिलं ११ होती, ती ४ झाली. अर्धा अॅडव्हान्स मागायला मला अजून जड जातं. नव्यांकडून घेते, जुन्यांकडून सगळ्यांकडून नाही. दोन रंगांची पद्धत डिझायनर मुलांनी मनावर घेतलीय आणि गेल्या तिमाहीत बदलांचे पैसे पहिल्यांदा लावले. सातपैकी पाच जणांनी बिनतक्रार दिले.

आता पुढचं. आंब्याच्या बॉक्सचं काम करायचं आहे. त्यांचा हंगाम फेब्रुवारी-मार्चला सुरू होतो म्हणजे मला आत्ताच जायला हवं. रत्नागिरी-देवगडकडे बागायतदारांना नेमकं केव्हा आणि कुठे भेटावं, कुणी सांगेल का?

उद्यमनगरी
आमचा कॅटलॉग त्या पाचांतला. मागच्या पानावर तळाशी नाव आहे, प्रदर्शनात दोघांनी टिपून घेतलं.

देवगडचा
ताई, आमची स्वतःची बाग आहे. नोव्हेंबर-डिसेंबरात थंडी पडली की मोहोर येतो आणि आम्ही दिवसभर फवारणीत असतो, तेव्हा बागेत येऊन काही होणार नाही. संध्याकाळी घरी या. बॉक्सची ऑर्डर आम्ही जानेवारीत देतो, मोहोर किती टिकला ते बघून. आधी कुणी आकडा सांगणार नाही. म्हणून डिझाइन डिसेंबरात पक्कं करा आणि संख्या मागाहून घ्या. डझन, दोन डझन आणि पाच डझन अशी मापं लागतात. हवा जायला भोकं असतात, ती कुठे येतात ते बॉक्सवाल्याकडून आधी घ्या, नाहीतर नेमकी नावावर येतात.

आणि कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. ते चिन्ह बॉक्सवर लावायचं तर बागायतदाराची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी असावी लागते. तो क्रमांक तुमच्या यादीच्या कागदावर घाला. बरेच जण तो द्यायचा विसरतात. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात येणार असाल तर आमच्या वाडीतल्या सात-आठ जणांना एकत्र बोलावतो.